ड्राय बाल्कनीतल्या बाईसाहेब

मुलांनी पाण्यात खेळू नये यासाठी मराठी घरात बारा महिने सबळ कारणं तयार असतात. पावसाळ्यात सर्दी होते, हिवाळ्यात गारठा असतो, उन्हाळ्यात पाणीकपात असते. दिवाळीत अंगावर नवे कपडे असतात, गणपतीत घरात पाहुणे असतात आणि उरलेल्या दिवसांत 'आत्ताच फरशी पुसलीय' हे असतंच. अपवाद एका रंगपंचमीचा, कारण त्या दिवशी मोठ्यांनाच खेळायचं असतं. एवढी भक्कम तटबंदी असूनही तीनेक वर्षांचं मूल घरात दिसेनासं झालं आणि त्याचा आवाजही येईनासा झाला, तर फार शोधाशोध करावी लागत नाही. ते नळापाशी असतं.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात पावणेतीन वर्षांच्या एक बाईसाहेब राहतात. बिल्डर जिला ड्राय बाल्कनी म्हणतो आणि जी घरातली सर्वांत ओली जागा असते, तिथे दुपारी त्यांचा कारभार चालतो. आमच्या गॅलरीतून तो स्वच्छ दिसतो. मी निवृत्त असल्यामुळे न पाहण्याचं काही कारण उरत नाही.

बाईसाहेबांकडे सामग्री म्हणाल तर एक टब, त्यात वीतभरही नसलेलं पाणी, आणि भोवती श्रीखंडाचा रिकामा डबा, चहाची जुनी गाळणी, रॉकेलच्या जमान्यातलं नरसाळं, खोकल्याच्या औषधाचं टोपण आणि दांडा तुटलेला मग. वाढदिवसाला त्यांना बॅटरीवर पोहणारा एक डॉल्फिन मिळाला होता. बटण दाबलं की तो स्वतःच पोहतो, स्वतःच गातो, स्वतःच दिवे लावतो. बाईसाहेबांना करण्यासारखं त्याने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. त्यांनी त्याला सभ्यपणे टबाबाहेर काढला आणि गाळणी उचलली. गाळणीला काहीच येत नाही, त्यामुळे सगळं आपल्यालाच करावं लागतं.

साधनं स्वस्त असली तरी शिक्षण स्वस्त नसतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा युरोपातली सुबक लाकडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, बिया, शंख-शिंपले, पानं असली आसपासची दौलत वापरली. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज तीच गोष्ट उलट दिशेने चालते. अंगणातलं, म्हणजे बाल्कनीतलं पाणी बंद करून आपण मुलाला फी भरून प्लेग्रुपमध्ये घालतो. मग एके दिवशी मोबाइलवर निरोप येतो, 'उद्या वॉटर प्ले ॲक्टिव्हिटी आहे, जादा कपडे आणि टॉवेल पाठवावा.' घरी मगाला हात लावला तर डोळे वटारणारी आई दोन जोड कपडे, टॉवेल, वर प्लास्टिकची पिशवी असं बाळंतविडा बांधल्यागत बांधून देते आणि संध्याकाळी फोटो आले की सगळ्या नातेवाइकांना पाठवते. पाणी तेच. पावती मिळाली की त्याने सर्दी होत नाही.

आता बाईसाहेबांचा अभ्यासक्रम पाहू.

पहिला विषय ओतणे. हा आपल्याला विषय वाटत नाही, कारण आपण तो केव्हाच पास झालो. पण पातेल्यातला चहा सांडशीने धरून कपात ओतताना आपण काय काय करतो ते पाहा. मनगट किती कलवायचं, धार कुठे पडेल, कप कधी भरत आला, हात कधी मागे घ्यायचा, हे सगळं गप्पा मारता मारता चालतं. बाईसाहेबांना यातलं एकेक कलम वेगळं सोडवावं लागतं. सुरुवातीला त्या फक्त हातातल्या मगाकडे पाहून ओतत. डबा कुठे आहे याची चौकशी नंतर. मग डबा दिसू लागला, पण थांबायचं कधी ते कळेना. डबा भरून वाहिला तरी धार चालूच. आता डबा भरत आला की त्यांची जीभ आपोआप दातांत येते आणि धार बारीक होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं हा रीतसर धडा आहे. हा हात आज मग सांभाळतो आहे, पुढे पेन्सिल सांभाळेल. पेन्सिलची घाई असणाऱ्या पालकांनी मग काढून घेण्यापूर्वी एवढा विचार करावा.

भाषेचा तास याच वेळात उरकतो. 'भरलं', 'सांडलं', 'संपलं', 'जड', 'रिकामं', 'आत', 'बाहेर' हे शब्द चित्रांच्या पुस्तकातूनही शिकवता येतात. पण 'जड' हा शब्द हाताला कळावा लागतो, आणि भरलेला डबा उचलताना तो कोपरापर्यंत कळतो. या सगळ्या शब्दांत बाईसाहेबांचा आवडता शब्द 'अजून'. प्रयोगशाळेत ज्याला पुनःपडताळणी म्हणतात आणि आपण हट्ट म्हणतो, ती ही. तोच मग, तोच डबा, तेच पाणी. मोठ्या माणसाला वाटतं, एकदा पाहिलं ना, आता काय तेच तेच. पण मघाशी सांडलं ते पुन्हा सांडतं का, हे एकदाच करून कसं कळणार?

बरं, या प्रयोगशाळेत उत्तर ताबडतोब मिळतं आणि उत्तर देणारा कोणाचा नातेवाईक नसतो. आजोबा नातीला चूक असूनही 'शाब्बास' म्हणतात, आई बरोबर असूनही 'पुरे आता' म्हणते. पाणी असलं काही करत नाही. मग वाकडा धरला की सांडतं. लाडाने वाकडा धरला तरी सांडतं, रागाने धरला तरी सांडतं. घरातल्या सगळ्या मंडळींत एवढ्या सचोटीचं दुसरं कोणी नसल्यामुळे मुलांचा पाण्यावर विश्वास बसतो.

दुसरा विषय तरंगणे आणि बुडणे. लिंबू तरंगतं. चमचा बुडतो. आजोबांच्या चष्म्याची पेटी तरंगते, चष्मा बुडतो, आणि त्यानंतर मोठा आवाज होतो. स्टीलची वाटी आडवी सोडली तर बुडते, पण अलगद उभी ठेवली तर तरंगते, आणि तिच्यात मघाचा बुडणारा चमचा ठेवला तर तोही वाटीबरोबर ऐटीत फिरतो. इथे बाईसाहेब थबकल्या. हे काहीतरी गैर चाललं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. त्यांनी चमचा काढला, पाण्यात सोडला, बुडाला. परत वाटीत ठेवला, तरंगला. आर्किमिडीजपासून सगळे याच जागी थबकले असतील.

नेमक्या या क्षणी त्यांचे बाबा आले. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि त्या दिवशी घरून काम करत होते, म्हणजे त्यांना वेळ होता. ते गुडघ्यांवर बसून म्हणाले, "हे बघ पिल्लू, वाटी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते ना, म्हणून तिला खालून तेवढाच जोर मिळतो." पिल्लूने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग वाटी पालथी करून डोक्यावर घातली आणि ती आत निघून गेली. प्रयोगशाळा त्या दिवसापुरती बंद झाली. बाबांच्या भौतिकशास्त्रात एकही चूक नव्हती, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

तिसरा धडा मला फार आवडतो, कारण त्याला आपल्याकडे पोथीचा आधार आहे. श्रीखंडाच्या डब्याला बुडाशी एक बारीक भोक पडलं होतं. बाईसाहेबांनी तो पाण्यावर ठेवला. तो तरंगत राहिला, भोकातून आत हळूहळू पाणी चढत गेलं आणि बऱ्याच वेळाने डबा 'गुडुप' म्हणून तळाला गेला. पूर्वी हिंदुस्थानात वेळ मोजायचं घटिकापात्र हेच. घंगाळातल्या पाण्यावर बुडाला भोक असलेलं तांब्याचं पात्र सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा साठ घटकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त यावर साधत. ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा करणाऱ्या भास्कराचार्यांची एक दंतकथा सांगतात. मुलीच्या, लीलावतीच्या, मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडलं होतं. कुतूहलाने ती आत डोकावली, अंगावरच्या दागिन्यातला एक मोती पात्रात पडला आणि भोकावर जाऊन बसला. पाणी चढेना, पात्र बुडेना, मुहूर्त टळून गेला. मग वडिलांनी तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. पाण्यात डोकावणाऱ्या मुलीला 'हो बाजूला' असं कोणी न म्हटल्याचा आपल्याकडचा हा बहुधा शेवटचा प्रसंग. कथेचं खरंखोटं काहीही असो, त्यातलं विज्ञान चोख आहे. बाईसाहेबांनी ते पडताळून पाहिलंय. त्यांच्याकडे मोती नव्हता. त्यांनी भोकावर खाऊतला डाळिंबाचा दाणा ठेवला. डबा तरंगतच राहिला, त्यांच्या झोपेची वेळ टळली, आणि ग्रंथ मात्र कोणी लिहिला नाही. त्याऐवजी आईने डबाच कचऱ्यात टाकला.

चौथा धडा पालथ्या घड्याचा. ऐकत नाहीत म्हणून मुलांना आपण पालथ्या घड्यावरच्या पाण्याचा दाखला देतो, पण पालथा घडा पाण्यात घालून पाहण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात. बाईसाहेबांनी पेला पालथा धरून सरळ टबात दाबला. पाणी आत शिरेना. आत दिसायला तर काहीच नव्हतं, मग पाण्याला अडवतंय कोण? त्यांनी पेला किंचित कलता केला, तसा एक भला मोठा बुडबुडा वर येऊन फुटला. त्या दचकल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "अजून." 'रिकाम्या' पेल्यात हवा नावाचा भाडेकरू राहतो आणि तो सहजासहजी जागा सोडत नाही, हे पुण्यात राहूनही मला इतक्या लवकर कळलं नव्हतं.

पाचवा विषय न्याय. शनिवारी वरच्या मजल्यावरचे साडेचार वर्षांचे एक गृहस्थ पाहुणे म्हणून येतात. मग एकच, त्यामुळे तहाची बोलणी तासाला दोनदा. त्या दिवशी आजोबांनी दोघांना कोकम सरबत दिलं. एकाच पेल्याने दोनदा मोजून, अगदी सारखं. पण बाईसाहेबांचं ओतलं उंच, निमुळत्या ग्लासात आणि गृहस्थांचं पसरट वाडग्यात. गृहस्थांनी वाडगा पाहिला, ग्लास पाहिला आणि भोकाड पसरलं. आजोबांनी वाडग्यातलं पुन्हा पेल्यात ओतून दाखवलं. "सारखंच आहे ना?" "हो." पेल्यातलं परत वाडग्यात ओतलं. "आता?" "तिला जास्त!" आजोबा बँकेतून निवृत्त झालेले आहेत. आयुष्यभर दोन बाजू जुळवल्यावर हा ताळेबंद पाहून त्यांना घाम फुटला.

जिनिव्हाच्या जाँ पियाजे यांनी हाच खटला जगप्रसिद्ध केला. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं पाण्याची उंची पाहून निकाल देतात आणि रुंदीची साक्ष काढत नाहीत, असं त्यांना आढळलं. हे पियाजे स्वतः दहा वर्षांचे असताना, १९०७ मध्येच, त्यांचं एका पांढऱ्या चिमणीवरचं टिपण छापून आलं होतं. लहान मुलांची निरीक्षणं गांभीर्याने घ्यावीत, असं त्यांना का वाटलं असेल याचा थोडा खुलासा त्यातून होतो. मुलांना हसण्यापूर्वी आपण मोठे रसवंतीगृहात काय करतो ते आठवावं. अर्धा ग्लास बर्फ, वर फेस, आणि उंच ग्लास पाहून आपण म्हणतो, 'फुल्ल द्या'. शाम्पूची कंबर आत गेलेली उंच बाटलीही साडेचार वर्षांच्या मुलांसाठी बनवलेली नसते.

पण या खटल्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो आजोबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ च्या सुमारास पियाजेंचा तोच डाव चकत्यांच्या रांगा मांडून जरा वेगळ्या तऱ्हेने खेळून पाहिला. नेहमीच्या पद्धतीत मोठा माणूस गंभीरपणे रांग पसरवतो आणि पुन्हा विचारतो, "आता सारख्या आहेत का?" यांनी रांग पसरवण्याचं काम एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिलं. अस्वलाने येऊन धुडगूस घातला, रांग विस्कटली. मग विचारलं, तर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. कारण उघड आहे. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे त्याला आता वेगळं उत्तर हवं असणार, हे ओळखण्याइतकं मूल शहाणं असतं. ते पाण्याकडे पाहणं सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागतं. थोडक्यात, गोंधळ चकत्यांनी केला नव्हता, विचारणाऱ्याने केला होता.

हे वाचल्यापासून मी समोरच्या बाल्कनीकडे नव्या नजरेने पाहतो. बाईसाहेब एकट्या रमलेल्या असतात तेव्हा त्या एका प्रश्नावर कितीही वेळ थांबतात. मोठं माणूस आलं आणि म्हणालं, "सांग बघू, कोणता रंग आहे मगाचा?" की संपलं. मगाचा रंग त्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. मग हे कशाला चाललं आहे, याचं उत्तर दोघांपाशी नसतं.

आता न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण पाणी हा आपल्याकडे खेळण्याचा विषय आहेच असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आजही उन्हाळ्यात कितीतरी गावांत आईच्या मोठ्या हंड्यामागे छोटी कळशी घेऊन चालणारी मुलं दिसतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे त्यांना पुस्तकातून कळत नाही, मानेला कळतं. ओतताना एक थेंब बाहेर जाऊ न देण्यात ती बाईसाहेबांच्या फार पुढे असतात, आणि त्या गुणांचं कौतुक करताना आपली मान खाली जायला हवी. म्हणून काटकसर शिकवायचीच. खेळाला अर्धी बादली पुरते, आणि खेळ झाला की तेच पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, फरशी पुसायला. मुलांना हाही खेळच वाटतो. फक्त शिकवणाऱ्यांनी आधी सोसायटीच्या गच्चीवर नजर टाकावी. मगभर पाण्यासाठी बाईसाहेबांना प्रवचन चालू असताना आमची टाकी भरून जिन्यापर्यंत वाहत असते, आणि 'पंप कोणी चालू ठेवला' हा प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत जातो.

आणखी एक आक्षेप आजीचा. "बघ, बोटं सुरकुतली, बस झालं." बोटं पाणी पिऊन फुगतात, हा आपला लाडका समज. प्रत्यक्षात बोटाच्या मज्जातंतूंना इजा झालेली असेल तर ते बोट पाण्यात सुरकुतत नाही. म्हणजे ही करामत मज्जासंस्थेची आहे. सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू हाताळणं सोपं जातं, असंही काही प्रयोगांत दिसलं आहे. शरीर म्हणतं, 'आता पकड बसली, कर सुरू', आणि नेमकं तेव्हाच आजी टॉवेल घेऊन येते.

एका बाबतीत मात्र आजीचं शंभर टक्के ऐकायचं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं आणि तोल गेला तर त्याला परत वर येता येत नाही, आणि त्यासाठी वीतभर पाणीही पुरतं. हे फारसा आवाज न होता घडतं. म्हणून फोन वाजो, दारावर कुरियर येवो, कुकरची शिट्टी होवो, मूल पाण्यापाशी असेपर्यंत मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही. खेळ संपला की टब रिकामा करून पालथा घालायचा. यात विनोद नाही आणि सवलतही नाही.

इथे खरी पंचाईत आहे. जिवासाठी मोठ्या माणसाने तिथे हजर असलं पाहिजे आणि शिक्षणासाठी त्याने गप्प असलं पाहिजे. मराठी माणूस या दोन गोष्टी एकाच वेळी करू शकत नाही. तो हजर असला की मार्गदर्शन करतो आणि गप्प बसायला सांगितलं की उठून जातो. समोरच्या घरात सगळ्यांची चाचणी होऊन गेली. आई हजर राहते, पण फरशी पुसत राहते. आजी हजर राहते, पण दर मिनिटाला 'पुरे' म्हणते. आजोबा गप्प राहतात, कारण त्यांना झोप लागते. बाबांचं वर आलंच आहे. तेव्हा त्या कुटुंबाच्या वतीने, आणि त्यांना न विचारता, मी पुढील जाहिरात सोसायटीच्या फलकावर लावत आहे.

जागा भरणे आहे. पद : टबाशेजारी बसणारा माणूस, एक. कामाची वेळ : दुपारची झोप टळल्यापासून पाणी संपेपर्यंत. काम : नजर हटू न देणे, विचारल्यास उत्तर देणे, न विचारल्यास न देणे, 'अजून' म्हटल्यावर घड्याळाकडे न पाहणे. मोबाइल बाहेर ठेवावा लागेल. तो बुडतो, हे सिद्ध झालेलं आहे. पगार नाही, पँट भिजेल. शिक्षणाची अट नाही, बी. ई. मेकॅनिकल असल्यास अर्ज करू नये.